शाडूच्या गोळीपासून पाचरीपर्यंत: लेखनाचा जन्म हाताने करून बघण्याची कृती

इराकच्या दक्षिण भागातल्या उरुक (आजचे वार्का) या शहरात इ.स.पू. 3300 च्या सुमारास लेखन सुरू झाले, हे पुस्तकात वाचून होते. पण चित्रांच्या पाचरी (काडीच्या कोपऱ्याने दाबलेल्या पाचरीच्या आकाराच्या खुणा) का झाल्या, आकडे आधी आणि शब्द नंतर का आले, हे ओल्या मातीवर स्वतः काडी टेकवल्याशिवाय नीट उमगत नाही. पुढची कृती दोन रविवारांची आहे. पहिल्या रविवारी मातीच्या खुणांपासून चित्रलिपीपर्यंत जायचे, दुसऱ्या रविवारी पाचरी मारायला शिकायचे. सहा जणांच्या गटाला 3 किलो कोरडी माती पुरते. नववी-दहावीच्या मुलांना हे सहज जमते. त्याहून लहान मुले असतील तर पाचरीऐवजी गोळ्या आणि लखोट्यावर जास्त वेळ द्यावा.

माती

सगळ्या कृतीचे यश मातीवर आहे, म्हणून इथे घाई नको. गणपतीच्या आधी दोन महिने पुण्यात शाडूची माती कुठेही मिळते. एरवी कसब्यातल्या कुंभारवाड्यात किंवा एखाद्या मूर्तिकाराकडे चौकशी करावी. शाडू बारीक असतो, त्यामुळे खुणेची कड धारदार उमटते. पण त्याला चिकटपणा कमी, वाळल्यावर कोपरे उडतात. कुंभाराची लाल माती उलट: चिकट, पण तिच्यात वाळूचे कण असतात आणि पाचर मारताना असा एक कण काडीबरोबर ओढला गेला की खुणेत ओरखडा पडतो. म्हणून दोन भाग शाडू आणि एक भाग लाल माती असे मिश्रण घ्या. लाल माती आधी निवळून घ्यायला हवी. बादलीत मातीच्या पाचपट पाणी घालून ढवळा, साठ अंक मोजेपर्यंत थांबा म्हणजे वाळू तळाला बसेल, आणि वरचे गढूळ पाणी मलमलच्या फडक्यातून दुसऱ्या बादलीत ओता. रात्रभर ठेवून सकाळी वरचे स्वच्छ पाणी काढून टाका. खाली राहिलेला लगदा जुन्या सुती चादरीवर पसरून घट्ट होऊ द्या. बादली धुतलेले पाणी कुंडीत ओता, मोरीत नको. माती नळीत बसली की प्लंबर बोलवावा लागतो.

शेतातली काळी माती वापरू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आक्रसते की पाटीचे तुकडे होतात. प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांत घट्ट होते, लिहायला वेळच मिळत नाही. मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती हात बसवायला चालेल, पण ती वाळतच नाही, आणि वाळण्याची घाई हाच तर या धड्याचा अर्धा भाग आहे.

एक किलो कोरड्या भुकटीला साधारण 300 ते 400 मिली पाणी लागते. आधी 300 घाला, मळा, मग चमच्याचमच्याने वाढवा. पुरीच्या कणकेइतकी घट्ट झाली की ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून रात्रभर मुरू द्या. सकाळी परीक्षा घ्या: पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती वळवा. वळी तडकली तर पाणी कमी, बोटाला चिकटून राहिली तर जास्त. जास्त झाले तर कोरडी भुकटी मिसळण्यापेक्षा गोळा तासभर फडक्यावर उघडा ठेवलेला बरा; भुकटीच्या गुठळ्या राहतात आणि त्या नेमक्या लिहितानाच सापडतात.

पहिला टप्पा: मोजायच्या गोळ्या

पश्चिम आशियात इ.स.पू. 8000 च्या सुमारापासून मातीच्या छोट्या वस्तू सापडतात: शंकू, गोळी, चकती, नळी, चौपृष्ठी (चार त्रिकोणी बाजूंचा आकार). आकार एक ते तीन सेंटीमीटर. डेनिस श्मांट-बेसेराट या संशोधिकेने त्या हिशेबाच्या खुणा होत्या असे मांडले. उदाहरणार्थ, शंकू म्हणजे धान्याचे लहान माप, गोळी म्हणजे मोठे माप.

मंडईतल्या गाळ्याचा हिशेब घ्या. नारळाला चकती, ज्वारीच्या पायलीला शंकू, मेथीच्या जुडीला नळी, असे गटाने आधी ठरवा. प्रत्येकाने वीस-पंचवीस खुणा कराव्यात. 50 ग्रॅम माती पुरते. दोन खुणांचे आकार दुरून सारखे दिसत असतील तर आत्ताच बदला. या खुणा एक दिवस आधी करून वाळवलेल्या हव्यात, नाहीतर पुढच्या टप्प्यात त्या ओल्या मातीला चिकटून लखोट्याच्या भिंतीत मुरतात.

दुसरा टप्पा: मातीचा लखोटा

सात नारळ आणि चार पायली ज्वारी एका गाड्यावर पाठवली, तर वाटेत कोणी दोन नारळ काढणार नाही याची खात्री कशी द्यायची? इ.स.पू. 3500 च्या आसपास सुसा (आजच्या इराणमध्ये) आणि उरुक इथे याचे उत्तर होते मातीचा पोकळ गोळा. खुणा आत, गोळा बंद, वरून शिक्का.

200 ग्रॅमचा गोळा घ्या, अंगठ्याने मध्ये खळगा करत भिंत एक सेंटीमीटर जाड ठेवा. आत कोरडी शाडूची भुकटी भुरभुरा, खुणा टाका, तोंड बंद करून सांधा ओल्या बोटाने पुसून घ्या. दाभणाने एक बारीक भोक ठेवा, म्हणजे आतली ओल बाहेर पडायला वाट राहील. शिक्क्यासाठी खोडरबरावर दाभणाने उलटे चित्र कोरा. मेसोपोटेमियात (मुख्यतः आजचा इराक) दंडगोल शिक्का फिरवून पट्टा उमटवत. तसा दोन सेंटीमीटर जाडीचा मातीचा दंडगोल करून कोरता येतो, पण न भाजलेला असेल तर दोन-तीनदा फिरवल्यावर ओल पिऊन मऊ पडतो. शिक्का टेकवण्याआधी त्यावर भुकटीचा हात फिरवा, चिकटणार नाही.

आता गटातल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारा: आत किती नारळ आहेत? फोडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि फोडला की पुरावा गेला. म्हणून दुसरा लखोटा करताना बंद करण्याआधी प्रत्येक खूण बाहेरच्या मातीत एकदा दाबा, मग आत टाका. असे लखोटे खरेच सापडले आहेत. थोडा वेळ जाऊ द्या, गटातले कोणीतरी स्वतःच विचारते: बाहेर सगळे दिसतेय तर आत खुणा कशाला भरायच्या? तो प्रश्न आला की गोळा चपटा करा. हीच पाटी.

इथे शिकवणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. खूण, लखोटा, पाटी ही सरळ शिडी सांगायला सोपी आहे, पण सगळे पुरातत्त्वज्ञ ती जशीच्या तशी मानत नाहीत. लेखन आल्यावरही खुणा संपल्या नाहीत. तुर्कस्तानातल्या झियारत तेपे इथे आश्शुरी काळातल्या, म्हणजे उरुकच्या पाट्यांनंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनंतरच्या, खुणा मिळाल्या आहेत. शिवाय लेखन नाही म्हणजे व्यवस्था नाही, असेही नाही. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांकडे धान्याचे कोठार होते, पाण्याचा पाट होता, मोठे घर असलेला प्रमुख होता. लिपी नव्हती.

तिसरा टप्पा: आकडे आणि चित्रे

सुमारे 100 ग्रॅमची पाटी करा: 6 सेंमी लांब, 4.5 रुंद, मध्ये 1.8 जाड. एक बाजू सपाट आणि दुसरी किंचित फुगीर ठेवा. सपाट बाजूवर आधी लिहायचे. नंतर पाटी पानासारखी उजवीकडून डावीकडे उलटायची नाही. खालची कड वर येईल अशी उलटायची. मेसोपोटेमियातल्या पाट्या अशाच उलटतात आणि मजकूर खालच्या कडेवरून मागे चालू राहू शकतो.

पाटी केल्याबरोबर लिहू नका. पृष्ठभागावरची चमक जाईपर्यंत थांबा: एप्रिलमध्ये दहा-पंधरा मिनिटे, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अर्ध्या तासाहून जास्त.

आकड्यांसाठी दोन गोल टोकांच्या काड्या लागतात, एक सुमारे 5 मिलीमीटरची आणि एक 10-12 मिलीमीटरची. काडी सरळ दाबली की वर्तुळ उमटते, तिरकी दाबली की नखासारखी खूण. उरुकमध्ये सुट्या वस्तू मोजताना लहान तिरकी खूण म्हणजे 1, लहान वर्तुळ म्हणजे 10, मोठी तिरकी म्हणजे 60, तीच मोठी तिरकी आणि तिच्यात लहान वर्तुळ म्हणजे 600, आणि मोठे वर्तुळ म्हणजे 3600. मग 73 नारळ लिहायला एक मोठी तिरकी, एक लहान वर्तुळ, तीन लहान तिरक्या.

आता ज्वारी लिहायला सांगा आणि नियम बदला. धान्याच्या मोजणीत लहान वर्तुळ 10 चे नसते, 6 चे असते. पंधरा मापे म्हणजे दोन वर्तुळे आणि तीन तिरक्या. मुले वैतागतात, ते साहजिक आहे. पण उरुकच्या कारकुनांकडे अशा डझनभर मोजणी-पद्धती होत्या, आणि कुठली वापरायची ते काय मोजतोय त्यावर ठरे. आपल्याकडेही केळी डझनाने, नारळ शेकड्याने आणि धान्य पायलीने मोजत आलेच आहेत. ‘कुठल्याही वस्तू असोत, दहा म्हणजे दहा’ ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही.

आकड्याशेजारी वस्तूचे चित्र टोकदार काडीने काढा. खऱ्या खुणा वापरायच्या असतील तर या सोप्या आहेत: मेंढी म्हणजे वर्तुळात फुली, बैल म्हणजे शिंगांसह डोके, सातू म्हणजे कणीस, पाणी म्हणजे दोन नागमोडी रेषा. खाणे दाखवायला माणसाचे डोके आणि त्याच्या तोंडाशी वाडगा. पाटीवर चौकटी आखा आणि एका चौकटीत एक नोंद ठेवा. त्या काळात चौकटीतल्या चिन्हांचा क्रमही पक्का नव्हता, कारण ते वाक्य नव्हतेच, नोंद होती. उरुकच्या सुरुवातीच्या हजारो पाट्यांपैकी बहुतेक हिशेबाच्या आहेत. त्यांखालोखाल येतात त्या शब्दांच्या याद्या, म्हणजे कारकून तयार करण्याचे साहित्य. कथा, स्तोत्रे, राजांच्या फुशारक्या यांना शेकडो वर्षे वाट पाहावी लागली.

इथे चित्रे अडतात

‘गणूने सखूला सात नारळ दिले’ एवढे लिहायला सांगा. सात नारळ झाले. गणू आणि सखू कसे काढणार? आणि कोणी कोणाला दिले, ‘ने’ आणि ‘ला’ यांचे चित्र काय? या प्रश्नाला पंधरा मिनिटे द्यावीत. उत्तर सांगून टाकू नये.

वाट निघते ती आवाजातून. आधी गावांची नावे घ्या. पानशेत: एक पान आणि एक शेत काढले की वाचता येते, आणि त्यात झाडाच्या पानाचा किंवा शेताचा काही संबंध नाही. चाकण: चाक आणि कण. यात क दोनदा येतो, तो वाचणाऱ्याने एकदाच म्हणायचा. पाचरीच्या लिपीतही अशी अक्षरे एकमेकांवर चढतात. बाणेरचा बाण सोपा आहे, ‘एर’ला मात्र चित्र सापडत नाही. औंधला काहीच सापडत नाही. अशा वेळी शब्दाच्या तुकड्यासाठी खूण हवी असे गट स्वतः ठरवतो, आणि तिथे अक्षरलिपीचा उंबरठा लागतो.

दक्षिण मेसोपोटेमियातल्या सुमेरी लोकांनी हेच केले. सुमेरीत बाणाला ‘ती’ म्हणत आणि जीवनाला जवळपास तसेच. जेमदेत नस्र इथल्या इ.स.पू. 3000 च्या आसपासच्या एका पाटीवर एनलिल देवाचे नाव आणि पुढे बाण आहे: ‘एनलिल जीवन देवो’ अशा अर्थाचे माणसाचे नाव. सातूच्या बऱ्याच नोंदींवर ‘कुशिम’ अशी वाचली जाणारी दोन चिन्हे येतात. ते माणसाचे नाव की हुद्दा, यावर अजून वाद आहे. ‘ने’, ‘ला’सारखे प्रत्यय नियमाने लिहिले जायला आणखी कित्येक शतके गेली. तोपर्यंत वाचणाऱ्याला संदर्भ माहीत असे, आणि भागत असे.

चित्राचा आवाज वापरू लागलात की नवा गोंधळ होतो: हे पान म्हणजे झाडाचे पान, की पानशेतातले? यावर सुमेरी उपाय म्हणजे न उच्चारायची खूण. गावाच्या नावानंतर ‘जागा’ या अर्थाचे चिन्ह, देवाच्या नावाआधी तारा, लाकडी वस्तूच्या नावाआधी लाकडाचे चिन्ह. तुमच्या गटाने गावासाठी एक खूण ठरवून पानशेतच्या पुढे टाकावी. दुसऱ्या गटाला पाटी देऊन वाचायला लावा. जे वाचले जात नाही ते खोडायचे, वाद घालायचा नाही.

पाटी ओली असताना टोकदार काडीच्या रेघांकडे नीट बघा. रेघेच्या दोन्ही कडांना माती वर आलेली आहे, गोलाई करताना तर काडीने माती ढकलत नेली आहे आणि दुसरी रेघ पहिलीला छेदताना पहिली बुजली आहे. वाळल्यावर या कडा उडतात आणि चित्र धूसर होते. वर्तुळ काढायला सरळ रेघेच्या तिप्पट वेळ लागला असेल. दुसऱ्या रविवारचे काम या तक्रारीतून निघते.

चौथा टप्पा: पाचर

रेघ ओढायची नाही, काडी टेकवायची. एवढाच बदल, पण त्याने लिपीचे रूप पालटले. इ.स.पू. 2500 च्या सुमाराला चित्रांच्या जागी पाचरींचे जुडगे आले होते. कालांतराने चिन्हे डाव्या बाजूला नव्वद अंशांत आडवीही झाली. बैलाचे डोके कुशीवर आले. चित्र ओळखू येण्याची गरज तोवर उरली नव्हती.

काडीसाठी बोरू उत्तम. मेसोपोटेमियातली लेखणीही नळाचीच असे. फक्त देवनागरीसाठी तिरका काप लागतो, तो इथे नको. बोरूचे टोक चौकोनी कापा, कोपरा धारदार ठेवा. बोरू नसेल तर 5-6 मिलीमीटर जाडीची चौकोनी चॉपस्टिक किंवा बांबूची चिरलेली काडी चालते. टोकाला सॅंडपेपर मारा, कारण तंतू निघालेले टोक प्रत्येक खुणेत केसांसारखे ओरखडे सोडते. दर आठ-दहा खुणांनंतर टोक ओल्या फडक्याला पुसा.

धरायची पद्धत पेनाची नव्हे. काडी मातीला 30 ते 40 अंशांत झुकवा, तिचा एक कोपरा आधी टेकवा आणि कड मागे टेकू द्या, मग सरळ वर उचला. कोपऱ्याजवळ खोल त्रिकोणी डोके आणि मागे निमुळती शेपूट आली पाहिजे. डोके दोन-तीन मिलीमीटर खोल, पूर्ण खूण सुरुवातीला 8-10 मिलीमीटर लांब. नवशिक्यांची खूण बहुधा दोन तऱ्हांनी बिघडते. शेपूट लांब करायला काडी ओढली जाते, तेव्हा पाचरीची नाली होते. किंवा काडी फार उभी धरली जाते आणि शेपूटच उमटत नाही. दिशा बदलायला मनगट वळवण्यापेक्षा डाव्या हातातली पाटी फिरवा; पाटी छोटी असण्याचे कारण हेही आहे.

चार खुणा पुरे. डोके वर असलेली उभी पाचर, डोके डावीकडे असलेली आडवी पाचर, तिरकी पाचर, आणि काडी जरा उभी धरून कोपऱ्याने केलेला शेपटीविना कोन. डोके खाली किंवा उजवीकडे असलेली पाचर जवळजवळ वापरत नाहीत. ती दिसली तर पाटी उलटी धरली आहे असे समजा. आडवी आणि उभी पाचर एकमेकींना छेदली की ‘मश’ हे चिन्ह होते, त्याचा एक अर्थ ‘अर्धा’. त्यावर दोन तिरक्या चढवल्या की जुन्या पद्धतीचा आठ टोकांचा तारा, म्हणजे देव किंवा आकाश. छेदताना दुसरी पाचर पहिलीचे डोके चिरडणार नाही अशी ठेवा; डोकी एकमेकांपासून लांब हवीत.

सरावासाठी पाट्या चौकोनी नको. 150 ग्रॅमचा गोळा दाबून आठ सेंटीमीटर व्यासाची, मध्ये फुगीर चकती करा. बॅबिलोनियातल्या शाळांत अशाच चकत्या होत: वर गुरूने नमुना लिहायचा, खाली किंवा मागे विद्यार्थ्याने उतरवायचा. अक्षरांचा एक सराव ‘तू ता ती, नू ना नी, बू बा बी’ असा चाले. बाराखडी घोकलेल्या माणसाला वेगळे सांगायला नकोच.

पिनकोडची पाटी

पूर्ण मजकुराआधी आकडे लिहावेत, कारण त्यांना दोनच खुणा लागतात: उभी पाचर 1 ची, कोन 10 चा. चारपासून पुढे पाचरी तीन-तीनच्या ओळींत रचा, म्हणजे न मोजता नजरेने कळतात. 59 पर्यंत असे जाता येते. साठला पुन्हा एक उभी पाचर, पण डावीकडच्या घरात.

पुण्याचा पिनकोड यासाठी फार सोयीचा आहे. 411001 ते 411059 यांपैकी कुठलाही घ्या, साठच्या पद्धतीत पहिली तीन घरे तीच येतात: 1, 54, 10. चौथ्या घरात पिनकोडचे शेवटचे दोन आकडे. पडताळा: 1 × 216000, 54 × 3600 आणि 10 × 60 यांची बेरीज 411000. सदाशिव पेठेचा 411030 लिहायचा तर एक उभी पाचर, जागा, पाच कोन आणि चार पाचरी, जागा, एक कोन, जागा, तीन कोन.

आता डेक्कनचा 411004 लिहा. तिसऱ्या घरात एक कोन, चौथ्यात चार पाचरी. मधली जागा थोडी कमी पडली की कोन आणि पाचरी मिळून 14 दिसतात, घरे तीनच उरतात आणि 411004 चे 6854 होते. ही चूक मुद्दाम करून घ्या. ती बॅबिलोनी कारकुनांनाही चुकली नसावी, कारण रिकामे घर दाखवणारी खूण, दोन तिरक्या पाचरी, फार उशिरा नेमाने वापरात आली. आणि तीही बहुधा मधल्या घरासाठी. शेवटचे घर रिकामे असेल तर ते संदर्भानेच ओळखायचे.

वाचताना वरचा दिवा बंद करा. डावीकडून, पाटीला जवळजवळ समांतर असा टॉर्च धरा. सावल्यांनी पाचरी उठून दिसतात. फोटोही असाच काढावा. समोरून फ्लॅश मारला तर सगळे सपाट येते.

वाळवणे, भाजणे

पाट्या सावलीत, जाळीवर किंवा लाकडी फळीवर चार-पाच दिवस ठेवा आणि रोज उलटा. पंखा आणि ऊन दोन्ही टाळा. कडा आधी वाळून आक्रसतात, मधला भाग ओला राहतो, आणि ताण सहन न होऊन चीर पडते. मार्च ते मे पहिला दिवस वरून कागद झाका. पावसाळ्यात आठवडाही लागतो. वाळल्यावर पाटी पाच ते आठ टक्के लहान होते.

भाजायची गरज नाही. बहुतेक प्राचीन पाट्या नुसत्या वाळवलेल्या होत्या; काही टिकल्या त्या आगीमुळे. आश्शुरी राजधानी निनेवे इ.स.पू. 612 मध्ये जळली तेव्हा अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या कितीतरी पाट्या त्या आगीत भाजून निघाल्या. घरच्या ओव्हनचे 250 अंश या कामाला उपयोगी नाहीत: पाटी फक्त कोरडी होते, पाण्यात टाकली की पुन्हा विरघळते. खरी भाजणी कुंभाराच्या भट्टीत, 600 अंशांच्या वर होते. शाडूचे प्रमाण जास्त असेल तर नकोच. निव्वळ लाल मातीची, पूर्ण वाळलेली पाटीच द्या. आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन पाटी फुटते आणि शेजारची भांडीही जातात, मग कुंभार पुन्हा उभे करत नाही. लखोटा तर दोन आठवडे वाळू द्यावा.

याच्या पुढे

एका रविवारची भर घालायची असेल तर वर्णमालेचा प्रयोग करा. इ.स.पू. 1800 च्या आसपास सिनाईतल्या सेराबित अल-खादिमच्या खाणींजवळ सेमिटिक भाषा बोलणाऱ्यांनी इजिप्तच्या चित्रांसारख्या खुणा घेतल्या आणि प्रत्येक खुणेचा फक्त पहिला आवाज ठेवला. बैलाला ‘अल्प’ म्हणत, त्याच्या डोक्यापासून पुढे रोमन A झाला. आपल्या अंकलिपीत ‘क कमळाचा’ असते, पण तिथे अक्षर आधीचे आणि कमळ आठवणीपुरते. इथे कमळाच्या चित्रालाच क म्हणायचे. वीस-पंचवीस चित्रे ठरवा आणि मघाशी अडलेले औंध पुन्हा लिहून बघा.

हडप्पाच्या लिपीचा प्रयोग मात्र नक्कल एवढाच ठेवावा. खोडरबरावर चौकोनी शिक्का कोरा, खुणा मातीवर उजवीकडून डावीकडे वाचल्या जातील अशा उलट्या खोदा. इरावतम महादेवन यांनी 1977 मध्ये 417 चिन्हांची सूची केली. लेख सरासरी पाचेक चिन्हांचे आहेत आणि लिपी अजून वाचली गेलेली नाही. मुलांना अर्थ लावायला देऊ नका. पाच चिन्हांत काहीही बसवता येते, आणि ते खोटे आहे हे दाखवायला हातात काही नसते.

न भाजलेल्या पाट्या टाकू नका. तुकडे करून बादलीत रात्रभर भिजवा, गाळा, पुन्हा मळा. मात्र पुरत्या वाळलेल्याच भिजवा. अर्धवट ओल्या पाटीत पाणी शिरत नाही आणि गुठळ्या राहतात. निप्पूरमधल्या इ.स.पू. अठराव्या शतकातल्या एका शाळाघरात जुन्या पाट्या भिजवायचे हौद सापडले आहेत, आणि तिथे मिळालेले पाट्यांचे सुमारे 1400 तुकडे बहुतांश विद्यार्थ्यांच्या सरावाचे आहेत. आठ-दहा वेळा वापरल्यावर मातीत फडक्याचे धागे आणि कचरा जमतो. तेव्हा तीच माती पुन्हा निवळून, एक भाग ताजी शाडू घालून घ्या.